सूटिंग-शर्टिंगच्या काउंटरवरून स्टॉलवर: पुरुषांच्या फॅशनचं मासिक कसं जन्मतं

दिवाळीच्या आधी बाबांबरोबर सूटिंग-शर्टिंगच्या दुकानात गेलं की मालक काउंटरखालून एक जाडजूड पुस्तक काढायचे. त्याच्या पानांवर कापडाचे लहान लहान तुकडे चिकटवलेले असत. सूत निघू नये म्हणून कडा नागमोडी कात्रीनं कापलेल्या आणि प्रत्येक तुकड्याखाली एक नंबर. बाबा एकेका तुकड्यावरून अंगठा फिरवायचे. करड्यावर थांबायचे, निळ्यावर थांबायचे, एखादा चौकड्याचा तुकडा उजेडाकडे धरून बघायचे. मग पुस्तक मिटून म्हणायचे, “मागच्या वेळचंच द्या.” कपड्यांत त्यांना रस होता, तो त्या अंगठ्यात दिसायचा. पण तो बोलून दाखवायची रीत नव्हती.

हे आठवलं, कारण पुरुषांच्या फॅशनच्या मासिकांना पुढे ज्यानं वळण लावलं ते अमेरिकेतलं ‘एस्क्वायर’ अशाच नमुन्यांच्या पुस्तकातून निघालं. १९३३ सालच्या त्याच्या पहिल्या अंकाची हकिगत नीट समजली, की मासिक बाजारात येतं म्हणजे नेमकं काय होतं, पैसा कुठून येतो, आणि गुळगुळीत पानांवर जे दिसतं ते तिथे का असतं, हे बरंचसं उलगडतं.

आधी पैशाचं बघू. मासिक दोनदा विकलं जातं. एकदा ते वाचकाला विकतात, छापील किमतीला. आणि मग तोच वाचक जाहिरातदाराला विकतात. समजा, कागद, छपाई, बांधणी, लेखक-छायाचित्रकारांचं मानधन, ऑफिसचं भाडं असं सगळं धरून एका प्रतीला १२० रुपये खर्च येतो. किंमत ठेवली १५०. वरवर बघता तीस रुपये सुटले. पण वितरक आणि स्टॉलवाला मिळून चाळीस टक्के घेतात असं धरा, म्हणजे हातात येतात ९०. शिवाय स्टॉलवरचे अंक ‘खपले तर पैसे, नाही तर अंक परत’ या बोलीवर जातात. शंभर अंक पाठवले, साठ खपले, चाळीस गठ्ठा बांधून परत आले आणि रद्दीत गेले. खर्च शंभराचा, १२,००० रुपये. जमा साठाची, ५,४००. मधले ६,६०० रुपये जाहिरातींनी भरून काढायचे. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण सांगाडा हाच असतो, मासिक शिकागोचं असो की मुंबईचं. दिवाळी अंक काढणाऱ्या कुणालाही विचारा, लेख गोळा करण्याआधी मलपृष्ठाची जाहिरात पक्की करायची धावपळ का असते ते सांगतील.

म्हणजे नवं मासिक काढणाऱ्याला दोन प्रश्न एकदम सोडवावे लागतात. हे वाचणार कोण? आणि त्या वाचणाऱ्याला काही विकण्याची निकड कुणाला आहे? बायकांच्या मासिकांच्या बाबतीत दोन्ही उत्तरं लवकर सापडली होती. पुरुषांच्या कपड्यांच्या बाबतीत दुसरं उत्तर सोपं होतं, कापडवाले आणि सूटवाले तयारच होते. अडायचं पहिल्यापाशी. पुरुष कपडे विकत घेत होते, पण कपड्यांबद्दल वाचताना कुणी आपल्याला बघावं, हे त्यांना नको होतं.

आता शिकागोला जाऊ. १९२०च्या दशकात तिथे डेव्हिड स्मार्ट आणि विल्यम वाइनट्रॉब ही जोडी कपड्यांच्या दुकानांसाठी प्रचाराची पत्रकं, पुस्तिका छापायची. त्यांच्याकडे आला आर्नल्ड जिंग्रिच. शिकागोच्याच कुपेनहायमर या सूट बनवणाऱ्या कंपनीसाठी तो जाहिरातींचा मजकूर लिहीत असे. या तिघांनी १९३१ साली ‘अपॅरल आर्ट्स’ नावाचं नियतकालिक काढलं. ते दुकानदारांसाठी होतं, सामान्य वाचकांसाठी नव्हे. मोठा आकार, उत्तम कागद, रंगीत चित्रं, आणि काही पानांवर कापडाचे खरेखुरे तुकडे चिकटवलेले. दुकानातल्या सेल्समननं ते गिऱ्हाइकासमोर उघडायचं आणि सांगायचं, या कोटाला ही पँट, या शर्टाला हा टाय, शिकारीला जाताना हे, बोटीवर हे. लॉरेन्स फेलोजसारखे चित्रकार ती पानं रंगवायचे. त्यांतले पुरुष उंच, सडपातळ, आणि नेहमी काहीतरी करत असलेले: घोड्याजवळ उभे, स्टेशनावर वाट बघणारे, कुत्र्याला फिरवणारे. नुसता कपडे घालून उभा राहिलेला माणूस त्यांत क्वचितच दिसेल. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आणि मग दुकानदारांना एक वेगळाच अनुभव यायला लागला. गिऱ्हाइकं ते पुस्तक घेऊन जायला लागली. कोट मापाला टाकायचा आणि पुस्तक काखेत मारून घरी न्यायचं. जिंग्रिच आणि मंडळींना हवा असलेला पुरावा इथेच मिळाला. पुरुषांना हे बघायचं आहे. फक्त बघायला हक्काची जागा आणि निमित्त हवं आहे. बाजार आहे की नाही याचा इतका स्वच्छ पुरावा कुठल्याही सर्वेक्षणातून मिळत नाही. वस्तू विकायला ठेवलेलीच नव्हती, तरी लोक ती नेत होते.

धंद्याच्या पत्रकातून मासिक उगवणं आपल्याकडेही घडलंय. किर्लोस्करवाडीला १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं, ते कारखान्याची खबरबात गिऱ्हाइकांपर्यंत आणि कामगारांपर्यंत पोचावी म्हणून. लोखंडी नांगरांच्या त्या कारखान्याच्या पत्रकातून ‘किर्लोस्कर’ मासिक उभं राहिलं, १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ आलं, आणि त्यांनी मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या घडवल्या. ‘एस्क्वायर’ निघालं तेव्हा ‘स्त्री’ तीन वर्षांचं होतं. मला या दोन घटना शेजारी ठेवून बघायला आवडतात. दोन्हीकडे मासिकाच्या आधी वाचक जमलेला होता, आणि तो कारखान्यानं किंवा दुकानानं जमवला होता.

पण १९३३ हे साल म्हणजे अमेरिकेतल्या महामंदीचा तळ. दर चार कामकऱ्यांमागे एकाला काम नव्हतं. अशा वेळी चैनीचं मासिक काढायचं, म्हणजे घर जळत असताना झुंबर विकत घेण्यासारखं वाटेल. तरीही ते निघालं, आणि किंमत ठेवली पन्नास सेंट. त्या काळी ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ हे घरोघरी जाणारं साप्ताहिक पाच सेंटला मिळत होतं. म्हणजे हे दहापट महाग.

हा वेडेपणा नव्हता. मंदीत सगळ्यांत जास्त धास्तावलेला कोण असेल, तर तो कपड्यांचा दुकानदार. नवा सूट ही पुढे ढकलता येणारी खरेदी आहे, जुन्याची कॉलर उलटून आणखी दोन वर्षं निघतात. गिऱ्हाईक आणून देणारी कुठलीही गोष्ट त्या दुकानदाराला हवीच होती. आणि पन्नास सेंट ही किंमत म्हणजे एक चाळणीच होती. मंदीतही जो एका अंकाला पन्नास सेंट टाकतो, तो सूटही शिवू शकतो. जाहिरातदाराला नेमका असाच माणूस हवा असतो. दहा लाख कसेही वाचक आणि एक लाख खिशात पैसे असलेले वाचक यांत तो दुसरे निवडतो. आजही महागड्या घड्याळाची जाहिरात स्वस्त अंकात दिसत नाही, त्याचं कारण हेच.

आता या पहिल्या अंकातली सगळ्यांत हुशार खेळी. सुमारे एक लाख पाच हजार प्रती छापल्या. त्यांतल्या एक लाखाच्या आसपास थेट कपड्यांच्या दुकानांसाठी ठेवल्या. ही दुकानं आधीच ‘अपॅरल आर्ट्स’ घेत होती, माणसं ओळखीची होती. वृत्तपत्रांच्या स्टॉलवर गेल्या जेमतेम पाच हजार. म्हणजे मघाशी जे शंभरातले चाळीस अंक परत येण्याचं संकट आपण पाहिलं, ते इथे जवळजवळ मुळातच कापून टाकलं होतं. नवं मासिक बुडतं ते बहुतेक वेळा परत आलेल्या गठ्ठ्यांखाली. यांनी गठ्ठे परत येण्याची वाटच ठेवली नाही.

आणि झालं भलतंच. स्टॉलवरचे पाच हजार अंक काही तासांत संपले. वितरकांकडून मागणीवर मागणी. शेवटी दुकानांकडे पाठवलेल्या प्रती जमतील तितक्या परत मागवून स्टॉलवर आणाव्या लागल्या. मंदीच्या दिवसांत, पन्नास सेंटला. दुकानातलं पुस्तक काखेत मारून नेणारी माणसं आता चौकात रांगेत उभी होती. पहिला अंक शरद ऋतूचा म्हणून काढला होता, तिमाही म्हणून. जानेवारी १९३४ चा दुसरा अंक आला तो मासिक म्हणून, आणि पुढच्या काही वर्षांत खप काही लाखांवर गेला.

नाव कसं ठरलं तेही सांगण्यासारखं आहे. बरीच नावं सुचली, त्यांतली काही आधीच कुणी ना कुणी नोंदवून ठेवलेली. नावांच्या नोंदणीचं काम बघणाऱ्या वकिलाचं पत्र आलं, त्यावर जिंग्रिचच्या नावापुढे जुन्या शिष्टाचारानं ‘एस्क्वायर’चं संक्षिप्त रूप लावलेलं होतं, आपण ‘श्रीयुत’ किंवा ‘राजमान्य राजश्री’ लिहायचो तसं. तेच उचललं. मला हे नाव फार नेमकं वाटतं. त्यात कपडे नाहीत, फॅशन नाही, शौक नाही. त्यात फक्त मान आहे. तुम्हाला कुणीतरी श्रीयुत म्हणून हाक मारतंय.

इथे आपण अवघड भागाशी येतो. पैशाचं गणित जमलं, वितरण जमलं, पण पुरुषाला कपड्यांकडे बघायची लाज वाटते त्याचं काय? जिंग्रिचचं उत्तर होतं शेजार. कपड्यांची पानं अशा मजकुराच्या शेजारी ठेवायची, की अंक हातात असल्याचं कुणालाही उघडपणे सांगता येईल. पहिल्या अंकात अर्नेस्ट हेमिंग्वेनं क्यूबाजवळच्या समुद्रात मार्लिन मासा धरण्याबद्दल लिहिलं. जॉन डॉस पॅसॉस, अर्स्किन कॉल्डवेल हे कादंबरीकार, रहस्यकथा लिहिणारा डॅशिएल हॅमेट होते. मुष्टियोद्धा जीन टनी होता, गोल्फचा बॉबी जोन्स होता. अंक ११६ पानी, त्यातला साधारण तिसरा हिस्सा रंगीत. समोर मासेमारी, पान उलटलं की मासेमारीला जाताना घालायचा कोट. मघाशी म्हटलं ना, फेलोजच्या चित्रातला माणूस नेहमी काहीतरी करत असतो? तीच युक्ती आता अख्ख्या मासिकाला लावली. कपडे हा विषय नाही, आयुष्य हा विषय आहे, आणि आयुष्यात कपडे लागतातच.

जिंग्रिच तेव्हा तिशीचाही नव्हता. हेमिंग्वेची पुस्तकं जमवण्याचा त्याला नाद होता, आणि न्यूयॉर्कमधल्या एका पुस्तकांच्या दुकानात दोघांची गाठ पडली. पुढे या मासिकानं दिलेल्या आगाऊ रकमेचा हेमिंग्वेला १९३४ साली ‘पिलार’ ही बोट घ्यायला हातभार लागला. त्याची आणि स्कॉट फिट्झजेराल्डची काही उत्तम पानं इथेच छापली गेली. यावर कुणी म्हणेल, साहित्य म्हणजे मग कोट विकायचं आमिषच की. मी तसं मानत नाही. आमिष म्हणून आणलेला मजकूर पोकळ असता तर दुसऱ्याच अंकाला वाचकानं ओळखला असता. जिंग्रिचला ते लेखक मनापासून हवे होते, म्हणून कपड्यांच्या पानांवरचा शब्दही वाचकाला खरा वाटला.

एका माणसाचं नाव इथे घ्यायलाच हवं, ई. सिम्स कॅम्पबेल. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहणारा कृष्णवर्णीय व्यंगचित्रकार. वर्णद्वेषामुळे त्या काळच्या मोठ्या मासिकांची दारं त्याला सहज उघडत नव्हती. एका चित्रकारानं जिंग्रिचला त्याचं नाव सुचवलं. जिंग्रिच त्याच्याकडे गेला आणि चित्रांचे ढीग घेऊन आला. पहिल्या अंकातली रंगीत व्यंगचित्रं बऱ्याच अंशी त्याची आहेत. बटबटीत डोळ्यांचा, पांढऱ्या झुपकेदार मिशांचा ‘एस्की’ हा मासिकाचा म्हातारा शुभंकर मुळात त्याच्याच रेघेतून आला. पुढची पंचवीस-एक वर्षं तो तिथे काढत राहिला. चित्राखाली सही असायची, फोटो नसायचा. लाखो गोऱ्या वाचकांना हसवणारा हात कुणाचा आहे हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. मासिकाचा पहिला अंक म्हणजे संपादकाचं नाव आणि मुखपृष्ठ एवढंच आपल्या लक्षात राहतं, म्हणून हे सांगावंसं वाटलं.

काळानंही हात दिला. ५ डिसेंबर १९३३ ला अमेरिकेतली दारूबंदी उठली. पहिला अंक येऊन काही महिनेही झाले नव्हते, तोच मद्यविक्रेत्यांना पुरुष वाचकापर्यंत पोचायची घाई झाली. मग सूटच्या शेजारी व्हिस्की आली, मोटार आली, दाढीचं सामान आलं. पुरुषांच्या मासिकात आजही कपडे, घड्याळ, गाडी, मद्य, केस-दाढी अशी एकामागून एक सदरं असतात, ती ओळ साधारण तेव्हा बसली. संपादकांची आवड तीत असतेच, पण खरं तर ती जाहिरातदारांच्या यादीची उलटी बाजू आहे.

टपालाचा एक धडा पुढे मिळाला. वर्गणीदारांना अंक जातो तो टपालाच्या सवलतीच्या दरानं, आणि ती सवलत सरकारच्या हातात. १९४३ च्या अखेरीस अमेरिकेच्या टपालखात्यानं ‘एस्क्वायर’मधली चित्रं आणि विनोद आक्षेपार्ह ठरवून ती सवलत काढून घेतली. मासिकाच्या म्हणण्यानुसार त्याचा भुर्दंड वर्षाला पाच लाख डॉलरच्या घरात होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९४६ साली न्यायालयानं एकमतानं मासिकाच्या बाजूनं निकाल दिला: कुठलं वाङ्मय चांगलं हे टपालखात्यानं ठरवायचं नाही. आपल्याकडेही नोंदणीकृत नियतकालिकांना टपालात सवलत मिळते. म्हणून इथे मासिक काढताना सुरुवात नोंदणीपासून होते. पूर्वी आधी शीर्षक मंजूर करून घ्यावं लागे, मग नोंदणी. दीडशे वर्षं हे काम १८६७ च्या कायद्यानं चालायचं. १ मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू झालाय आणि शीर्षक व नोंदणीचा अर्ज एकत्रच, ऑनलाइन करावा लागतो. मनातलं नाव आधीच कुणाचं तरी निघतं, ही जिंग्रिचची अडचण इथेही प्रत्येकाला येते.

‘अपॅरल आर्ट्स’चं पुढे काय झालं? ते बंद पडलं नाही. १९५७ साली त्यातून ‘जेंटलमेन्स क्वार्टर्ली’ निघालं, म्हणजेच जीक्यू. दुकानाच्या काउंटरवरच्या त्या एकाच पुस्तकाची ही दोन अपत्यं. १९७९ साली जीक्यू कॉन्डे नास्ट कंपनीकडे गेलं. भारतात परदेशी मासिकांना बातम्या सोडून इतर विषयांसाठी भांडवल आणायची मुभा २००२ साली मिळाली, आधी ७४ टक्क्यांपर्यंत, पुढे शंभर. मग २००७ साली ‘व्होग’ आणि २००८ साली ‘जीक्यू’ची भारतीय आवृत्ती मुंबईतून निघाली. पुन्हा वेळ बघा. त्याच वर्षी सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली बडी बँक बुडाली आणि जगभर मंदी पसरली. तरी ते मासिक टिकलं, कारण ज्यांना भारतातल्या नव्या पैसेवाल्या पुरुषापर्यंत पोचायचं होतं त्या घड्याळ आणि सूटच्या कंपन्यांची निकड मंदीत कमी झाली नव्हती, उलट वाढली होती.

आता एखाद्या नव्या मासिकाचा पहिला अंक हातात आला, तर मी तो मागून उघडते. मलपृष्ठ कुणी घेतलंय? ती सगळ्यांत महाग जागा. मग मुखपृष्ठाच्या आतली बाजू. मग उजव्या हाताची पानं, कारण पान उलटताना नजर आधी तिकडे जाते आणि म्हणून तिचा दर जास्त असतो. मग संपादकीय पानांवरचे कपडे कुठल्या कंपन्यांचे आहेत ते बघते. जाहिरात दिलेल्याच कंपन्या आतल्या फोटोंमध्येही असतील, तर ते मासिक कॅटलॉग व्हायच्या वाटेवर आहे. एखादा फोटो तरी असा असावा, ज्यातला शर्ट गल्लीतल्या शिंप्यानं शिवलाय आणि तसं खाली लिहिलंय. आणि कपडे सोडून एक तरी लेख असा, जो कुणाला वाचून दाखवावासा वाटेल.

पहिल्या अंकावरून मात्र मी मत बनवत नाही. त्यातल्या कितीतरी जाहिराती ओळखीखातर, सवलतीत, शुभेच्छा म्हणून आलेल्या असतात, मजकूर वर्षभर जमवलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या अंकाला ते सगळं संपतं. तेव्हा पूर्ण दर देऊन कोण परत येतं आणि दरमहा नवं सांगण्यासारखं संपादकाकडे काय उरतं, ते दिसतं.

बाबांना असा एक अंक मी एकदा आणून दिला होता. जेवण झाल्यावर त्यांनी चष्मा लावून घड्याळांची पानं भराभर उलटली, एक प्रवासवर्णन शेवटपर्यंत वाचलं. आणि त्याच्या पुढच्या पानावर, करड्या ट्वीडच्या कोटाच्या मोठ्या फोटोवर, अंगठा फिरवला.